ती असं म्हणाली नाही

"ती असं म्हणाली नाही," थोरली बहीण म्हणाली.

आवाज न चढवता म्हणाली. वर्गात एखाद्या मुलानं पाठ म्हणताना मधली ओळ गाळावी आणि बाईंनी वहीतून मान वर न काढताच ती पकडावी, तसं. ती खरंच मुख्याध्यापिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. मध्यस्थ नुकताच पॅसेज ओलांडून पलीकडच्या खोलीतून या खोलीत आला होता. त्यानं धाकट्या बहिणीचा निरोप दिला होता आणि आता तो नेहमीप्रमाणे किंचित पुढे झुकून, दोन्ही तळवे दिसतील असे ठेवून, समोरच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होण्याची वाट पाहत होता. तेवीस वर्षं तो हे काम करत होता. कोर्टाच्या मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, समोरासमोर दोन खोल्या. सारख्या उंचीच्या खुर्च्या, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा, आणि घड्याळ असं टांगलेलं की ते फक्त त्यालाच दिसावं. भांडणारी माणसं एका खोलीत बसायलाही तयार नसली की त्यांना दोन खोल्यांत बसवायचं आणि आपण मधल्या पॅसेजमधून ये-जा करायची. ऐकायचं, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, आणि पलीकडे नेताना त्याची धार काढून घ्यायची. नवीन शिकाऊ मुलामुलींना तो हे सांगायचा तेव्हा 'धार काढायची' म्हटल्यावर मागच्या बाकावर हमखास कुणीतरी फिसकन हसायचं, आणि तोही हसायचा, "हो, तशीच. हळू हातानं. जनावर बिथरता कामा नये." कारकून मंडळी त्याला पाठीमागे 'मलम' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि त्यात त्याला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"तुम्हाला असं वाटतंय का, की मी त्यांचं म्हणणं पूर्ण पोचवलं नाही?" त्यानं विचारलं.

"वाटत नाहीये. सांगतेय," थोरली म्हणाली. "तुम्ही म्हणालात, 'त्यांना वाईट वाटतंय, ते साहजिक आहे, पण बाबांच्या सोयीसाठी त्या मसुद्याला तयार आहेत.' अहो, साहजिक हा शब्द माझ्या बहिणीनं जन्मात उच्चारलेला नाही. लाँड्री चालवते ती. गिऱ्हाइकानं डागावरून हुज्जत घातली तर शर्ट त्याच्या अंगावर फेकते. ती काय म्हणाली ते सांगा."

प्रकरण तसं सरळ होतं. म्हाताऱ्या वडिलांना आता कुणाची ओळख पटत नव्हती. तीन वर्षं धाकटीनं त्यांना लाँड्रीच्या मागच्या खोलीत सांभाळलं होतं. मग तिचं ऑपरेशन झालं, ती अकरा दिवस दवाखान्यात होती, आणि तेवढ्यात थोरलीनं वडिलांना उचलून शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. धाकटी परत आली तर खोली धुऊन पुसून रिकामी. पालकत्व कुणाकडे, यावर अर्ज, उलटा अर्ज, आणि शेवटी इथे. मसुदा तयार होता. वडील आश्रमातच राहतील, धाकटीनं रविवारी भेटायचं. धाकटी सहीला तयार झाली होती. पेनचं टोपण दातात धरून ती म्हणाली होती, "करते सही. पण तिला जाऊन सांगा, आज सही झाली की मला बहीण नाही. मी मेले तरी तिला कुणी कळवायचं नाही असं लिहून ठेवीन. आणि हेही सांगा, तिला हे नको असेल तर तिनं स्वतः उठून इथवर यावं. मी पाच मिनिटं थांबते. जा." तो उठला होता, पॅसेजमध्ये आला होता, आणि त्या वीस पावलांत ते वाक्य त्याच्या डोक्यात आपोआप, त्यानं काही न करता, मऊ झालं होतं. शिजत ठेवलेली डाळ मऊ व्हावी तसं. पाच मिनिटांचं तर तो विसरलाच होता. विसरला होता असंही नाही. ते त्यानं धमकीच्या सदरात टाकून दिलं होतं, आणि धमक्या पलीकडे न्यायच्या नसतात.

त्यानं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

पॅसेजमध्ये, त्याच्या पाठीमागे, कुणीतरी उभं होतं. हे नेहमीचंच होतं. या दोन खोल्यांमध्ये ये-जा करताना त्याला बऱ्याच वर्षांपासून असं व्हायचं, की पॅसेजच्या टोकाला, जिन्याच्या दाराशी, हातात पिशवी घेतलेला एक माणूस उत्तराची वाट पाहत उभा आहे. वळून पाहिलं तर तिथे अग्निशामक नळकांडं असायचं आणि बदललेल्या वेळापत्रकाची नोटीस. त्यानं वळून पाहणं सोडून दिलं होतं. पण आज त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. कोरडा, घाईचा, त्याच्या नेहमीच्या आवाजासारखा अजिबात नसलेला. "त्या म्हणाल्या, आज सही झाली की मला बहीण नाही. मी मेले तरी तिला कळवायचं नाही. हे नको असेल तर तिनं स्वतः उठून यावं. पाच मिनिटं थांबते म्हणाल्या. चार झाली."

थोरली इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे आपटली. टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला तिथेच राहिल्या. अनवाणी पॅसेज ओलांडून तिनं पलीकडचं दार ढकललं, आणि मग जे सुरू झालं ते या मजल्यावर कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. "मर ना, मर, मला न कळवता मर, तुला जमेल का ते! तापात तरी तुला मीच लागत होते!" "तू माझ्या बापाला चोरलंस!" "चोरलं? तुझे टाके तुटले असते, त्याला उचलता उचलता!" "मग तसं बोलायचं होतंस!" "कधी बोलणार? फोन उचलतेस?" कारकून धावत आला. "साहेब, पोलिसाला बोलवू?" मध्यस्थ दोन उघड्या दारांच्या मध्ये उभा होता. त्याला वाटलं, आपण आत जावं, दोघींना पाणी द्यावं, एक-एक करून बोलायला सांगावं. पाय हलले नाहीत. "नको," तो म्हणाला. सही झाली नाही. अर्ध्या तासानं दोघी जिना उतरून गेल्या, भांडतच. त्यानं खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धक्क्यात, त्या अजून हातवारे करत होत्या. एकीची बस आली आणि गेली. दुसरीचीही आली असावी. दोघींतली एकही जागची हलत नव्हती. त्यानं फायलीवर 'अनिर्णित' असं लिहिलं, आणि त्या अक्षरांकडे पाहत राहिला.

पाच मिनिटं थांबते. त्याच्या लहानपणी बाबा जितका वेळ दारात उभे राहिले होते तो किती असेल? नऊ वर्षांच्या मुलाला मिनिटं कळत नाहीत. त्या घरात तीन वर्षं आई आणि बाबा एकमेकांशी बोलले नव्हते. का, ते मुलाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. काही घरांत नळाला पाणी येत नाही तसं त्यांच्या घरात आई-बाबा बोलत नसत. बाबा कचेरीत नकाशे काढत. आई औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. तिच्या बोटांना सदा डिंकाचा वास. बाबा बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, आणि मध्ये एक अरुंद बोळ, जिथे मोरी होती आणि भिंतीला खुंट्या. त्या बोळातून मुलगा धावायचा. "तिला सांग, हे मीठ आहे की माती?" तो आत जाऊन सांगायचा, "बाबा म्हणतात, आज मीठ जरा जास्त आहे." "त्यांना सांग, जमत नसेल तर स्वतः करून घ्या." तो बाहेर येऊन सांगायचा, "आई म्हणते, उद्या कमी घालीन." असं करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा त्यानं शब्द जसेच्या तसे नेले होते तेव्हा ताट भिंतीवर आपटलं होतं, आणि ते पडताना झालेला आवाज त्याच्या दातांत बसला होता. दुसऱ्यांदा त्यानं एक शब्द बदलला आणि काहीच आपटलं नाही. एवढंच. पुढे पुढे तर तो इतका तरबेज झाला की नसलेले निरोपही नेऊ लागला. "आई म्हणते, हा शर्ट तुम्हाला बरा दिसतो." बाबांनी ते ऐकून बराच वेळ बोळाकडे पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दाढी करून, तोच शर्ट धुऊन वाळायच्या आत, दमट असतानाच घातला होता. शेजारीपाजारी म्हणायचे, काय गुणी पोर आहे, आईबापाच्या मध्ये पूल झालाय नुसता. त्याला त्याचा अभिमान वाटायचा. पूल म्हणजे काय, हे त्याला नंतर कळलं. दोन्हीकडची माणसं त्याच्यावरून चालतात आणि खाली पाणी असतं.

मग तो दिवस. दुपार, शाळेला सुट्टी, बाबा घरी. त्यांनी कपड्यांची पिशवी भरली होती आणि नकाशांच्या पेनांची चपटी पेटी तिच्यात वरून खोचली होती. दार उघडून उंबऱ्यात उभे राहिले. मुलाला म्हणाले, "आत जाऊन तिला सांग, मी चाललोय. कायमचा. अडवायचं असेल तर तिनं आत्ता यावं. मी इथे उभा आहे." मुलगा बोळातून गेला. आई कपडे पिळत होती. तो म्हणाला, "बाबा बाहेर जातायत." इथपर्यंतच आठवायची त्याला सवय होती. इथे आठवण दारासारखी लागायची आणि तो मागे फिरायचा. यापुढे फक्त एक गोष्ट शिल्लक असायची, की बाबा परत आले नाहीत. त्यांनी दूरच्या गावी बदली मागून घेतली होती. सहा वर्षांनी बाबा वारल्याचं तिथल्या घरमालकाचं पत्र आलं, आणि पत्राबरोबर ती पेनांची पेटी. आईनं पेटी उघडून पाहिली, मिटली, आणि त्याला विचारलं, "तुला हवी?" तो नको म्हणाला.

तो गुरुवारी आईकडे जायचा, आणि आज मंगळवार होता. तरी तो तिच्याच बसमध्ये बसला. बायकोला फोन करून त्यानं उशीर होईल एवढंच सांगितलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. लग्नाच्या सुरुवातीला ती विचारायची, भांडायची, एकदा तर उशी फेकून मारली होती तिनं. तो शांतपणे म्हणाला होता, "तुला खूप एकटं वाटलं असणार." ती त्याच्याकडे बघतच राहिली होती. पुढे कधीतरी म्हणाली, "तुझ्याशी भांडायला गेलं की कुणी घरी नसल्यासारखं वाटतं रे." हे त्यानं त्याच्या व्याख्यानांत गंमत म्हणून वापरलंही होतं. लोक हसले होते. बसच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. गेल्या काही वर्षांत तो हुबेहूब त्या माणसासारखा दिसू लागला होता. तेच ओघळलेले गाल, कपाळाच्या मधोमध तीच उभी आठी. बाबा घर सोडून गेले तेव्हा अडतीस वर्षांचे होते. हा आता चोपन्न. म्हणजे बाबा म्हातारे झाले असते तर कसे दिसले असते, हे पाहण्याचा मान जगात फक्त त्याच्या आईला मिळत होता, दर गुरुवारी.

आई अजून त्याच दोन खोल्यांत राहत होती. तिसरा मजला, तेच दार, वरचेवर रंग देऊन जाड झालेलं. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "आज मंगळवार आहे."

"हो."

"काय झालं? सूनबाई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळं बरं आहे."

"मग तोंड का असं? बस. चहा टाकते." ती बोळातून आत गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, पण कान तिखट. तो बाहेरच्या खोलीत बसला नाही. तो तिच्यामागे बोळात आला आणि खुंट्यांपाशी थांबला. इथून स्वयंपाकघर आणि बाहेरचं दार दोन्ही दिसतात. पूर्वी इथे त्याचं डोकं खुंट्यांनाही लागायचं नाही. आता खांदा लागत होता. पातेल्याखाली गॅस पेटल्याचा आवाज झाला. त्याच्या पाठीमागे, उंबऱ्यात, पिशवी घेतलेला माणूस उभा होता आणि वाट पाहत होता, पंचेचाळीस वर्षं, पायावरचा भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर देत. मध्यस्थानं वळून पाहिलं नाही. तो म्हणाला, "आई, बाबा गेले त्या दिवशी त्यांनी एक निरोप दिला होता. तो मी तुला दिला नाही."

ती साखर घालत होती. चमचा डब्यातच राहिला.

"तू आला होतास की सांगायला. बाहेर जातायत म्हणून."

"ते तसं म्हणाले नव्हते."

"मग काय म्हणाले होते?"

त्यानं सांगायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं की तो म्हणतोय, 'त्यांना असं सुचवायचं होतं की'. तो थांबला. घसा खाकरला. आईनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"कसं म्हणाला होता?" तिनं विचारलं. बाबांना ती पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. "जसं म्हणाला तसं म्हण. त्याच्या आवाजात म्हण."

"मी चाललोय," तो म्हणाला. आणि तो आवाज त्याचा नव्हता. तो घशाच्या खालून कुठून तरी, आपणहून, कोरडा आणि घाईचा वर आला, शब्दांच्या शेवटी किंचित ओढलेला, जसा तो माणूस बोलायचा तसा. हाच आवाज त्याला आज चौथ्या मजल्यावर ऐकू आला होता. "कायमचा. अडवायचं असेल तर तिनं आत्ता यावं. मी इथे उभा आहे."

आईचा चेहरा क्षणभर तरुण झाला. तो भयंकर होता. तिनं त्याच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे पाहिलं, जणू तिथे खरंच कुणी उभं असावं. तिचा उजवा हात थोडा वर आला. मग तिनं ओट्याची कड धरली.

"आणि मी काय म्हटलं होतं तुला?" ती म्हणाली. "मला आठवतंय. तुला आठवतंय का?"

आता तो दरवाजा उघडला, जो तो पंचेचाळीस वर्षं लावून बसला होता, आणि आत काहीच मोठं नव्हतं. पिळलेले कपडे, साबणाचं पाणी, आणि एक साधं वाक्य. "तू म्हणालीस, जाऊ देत. आणि येताना बल्ब आणायला सांग, मोरीतला गेलाय."

"मग? तू ते सांगितलंस त्याला?"

"नाही."

"का?"

"तू काही आणायला सांगितलंस की ते चिडायचे. मला वाटलं, कशाला उगीच. मी जाऊन म्हटलं, आई बरं म्हणाली."

"बरं."

"हो. ते म्हणाले, 'बरं म्हणाली?' मी हो म्हटलं. मग तेही बरं म्हणाले आणि जिना उतरले."

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग आई हळूच खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "अरे, एवढंसं पोर तू. तुला काय कळणार. तो जाणारच होता. निरोप आला असता तरी मी थोडीच उठले असते? जा म्हटलं असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. चहा निवतोय."

त्याला रडू फुटणार होतं. छातीवरची शिळा सरकावी तसं झालं, श्वास खोल गेला, आणि त्याच श्वासाच्या शेवटी त्याला ते ऐकू आलं. वाक्याला धार नव्हती. कुणीतरी ती काढून घेतली होती, हळू हातानं, जनावर बिथरू नये म्हणून. तेवीस वर्षं ज्या कामावर त्याचं पोट चाललं ते काम त्याला त्या आवाजात ओळखू आलं. आणि त्याला वाटलं, ही आपल्यापेक्षा चांगलं करते. घ्यावं की हे. घेऊन घरी जावं, आणि गुरुवारी नेहमीसारखं यावं, आणि ही एक दिवस जाईल तेव्हा ते न बोललेलं वाक्य आपल्याबरोबर घेऊन जाईल.

"आई," तो म्हणाला, "तू असं म्हणत नाहीयेस."

"म्हणजे?"

"तू मला सांभाळून घेतेयस. खरं काय ते सांग."

"खरं कशाला हवंय तुला?" ती म्हणाली, पण आवाज बदलला होता. पातेल्याचं झाकण तिनं उचललं आणि दाणकन ओट्यावर ठेवलं. "खरं ऐकायचंय? मी आडवी पडले असते त्या उंबऱ्यात! ओल्या हातानं धावत गेले असते! तीन वर्षं वाट बघत होते मी, की हा माणूस एकदा तरी स्वतःच्या तोंडानं काहीतरी मागेल. आणि त्यानं मागितलं. आणि ते तू बोळात सांडलंस!"

"हो."

"तीन दिवस मी मोरीत अंधारात अंघोळ केली. म्हटलं, बल्ब घेऊनच येईल. मग आठवड्यानं कळलं बदलीचं. म्हटलं, ज्या माणसाला जाताना एक शब्द टाकावासा वाटला नाही, त्याला मी कशाला पत्र लिहू? सहा वर्षं, अरे. सहा वर्षं पत्ता माझ्याकडे होता. आणि तो तिकडे बसून काय म्हणत असेल? की मी याला विचारलं आणि ही बया बरं म्हणाली!"

"त्या वेळी तुला—" त्याच्या तोंडात ते वाक्य तयारच होतं, 'त्या वेळी तुला किती असहाय वाटलं असेल'. तिनं हात उगारला.

"गप्प बस. माझंच मला परत सांगू नकोस. तुला ठाऊक आहे आम्ही का बोलत नव्हतो? कधी विचारलंस? तू सहा वर्षांचा होतास, तापानं फणफणलेला. तीन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. चौथ्या दिवशी तुझा ताप उतरला आणि मी जमिनीवरच आडवी झाले. दुपारी तार आली. माझी आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून. यानं ती तार खिशात ठेवली. म्हणे, हिला झोपू दे जरा, सकाळी सांगू. सकाळी सांगितलं. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मला झोपू दिलं त्यानं! माझ्या बऱ्यासाठी! म्हणून मी त्याच्याशी बोलायची थांबले. आणि तू, तू त्याचाच लेक. तूही तार खिशात घातलीस. त्यानं एक रात्र ठेवली. तू पंचेचाळीस वर्षं ठेवलीस."

तो बोळात उभा होता. खुंटी खांद्यात रुतत होती. तो एखाद्या वस्तूसारखा उभा होता आणि वाक्यं एकेक करून येऊन त्याला लागत होती. त्यानं एकाही वाक्याला हात लावला नाही.

"जा," आई म्हणाली. "जा आता माझ्या समोरून."

डोक्यातलं यंत्र लगेच चालू झालं, 'तिला थोडा वेळ हवा आहे'. त्यानं ते बंद केलं. जा म्हणजे जा. तो वळला, बाहेरच्या खोलीत आला, बुटांशी वाकला. उंबऱ्यात कुणी नव्हतं. जिन्यावर संध्याकाळचा पिवळट उजेड होता आणि रिकाम्या पायऱ्या होत्या, खालपर्यंत. त्याचा एक हात कडीवर होता. तिथे उभं राहिल्यावर त्याला कळलं की पिशवी घेऊन इथे उभं राहणं किती कठीण असेल, पाठीमागून एक आवाज येईल म्हणून कान सगळे मागे लावून. त्यानं बूट खाली ठेवले. बोळातून परत आत आला.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. आवाज चिरका आला, कुणाचाच नसल्यासारखा. "तुला जे बोलायचंय ते बोल. मी कुठे जात नाही."

मग आई बोलली. ओरडली म्हणणं जास्त बरोबर. तारेपासून सुरू झाली आणि पेनांच्या पेटीवर गेली, ती त्यानं नको म्हटली तेव्हा तिला काय झालं होतं त्यावर गेली, त्याच्या गुरुवारांवर गेली. "डॉक्टर राऊंडला येतो तसा येतोस! कशी आहेस, औषध घेतलंस का, झोप लागते का! एकदा तरी म्हणालास, आई, आज तुझा कंटाळा आलाय? माणूस आहेस की भिंतीला लावलेला गिलावा?" तिचा चेहरा लाल झाला होता, पांढरे केस सुटले होते. त्याला भीती वाटली की तिला काहीतरी होईल. तोही एकदा ओरडला. "नऊ वर्षांचा होतो मी! तुम्ही दोघं मोठी होतात! एका खोलीतून दुसऱ्या खोलीत यायला तुम्हाला पाय नव्हते?" हे कुठून आलं ते त्याला कळलं नाही. त्याच्या ओठांवर थुंकी होती. आई एकदम थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तो प्रथमच घरात आला असावा तसं.

दारावरची घंटा वाजली. दोघंही दचकली. आईनं केस मागे सारले, भिंतीला धरून बोळातून बाहेर गेली आणि दार उघडलं. शेजारीण होती. तिच्या हातात चाव्या तशाच होत्या.

"आजी, सगळं ठीक आहे ना? आवाज आला म्हणून आले. या घरातून कधी आवाज येत नाही."

"सगळं ठीक नाहीये," आई म्हणाली. "मुलगा आलाय माझा. आमचं भांडण चाललंय."

"अगं बाई. मी थांबू का? काही मदत—"

"नको. मध्ये कुणी नको. तू जा." तिनं दार लावून घेतलं.

ती परत आली तेव्हा खूप दमलेली दिसत होती. ओट्याजवळच्या खुर्चीवर बसली, धापा टाकत. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिची बोटं मांडीवरच्या पदरावरून फिरत होती, जणू एखादं लेबल नीट बसलं नाहीये.

"मी काय सांगत होते?" तिनं विचारलं. "बेल वाजायच्या आधी. तू ओरडायच्या आधी. कुठवर आले होते मी?"

त्याला आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता, आणि त्यातला एकेक शब्द कुठे किती घासला म्हणजे हातात धरता येण्यासारखा होईल हेही दिसत होतं. त्यानं दुसरी खुर्ची ओढली. तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला.

"तू म्हणालीस," तो म्हणाला, "की त्यानं तुझी आई नेली आणि मी तुझा नवरा नेला. आणि दोघंही तुझ्या बऱ्यासाठी केलं म्हणतो. आणि दोघांत मी जास्त वाईट, कारण तो निदान तुला तोंड दाखवायचा थांबला."

आईनं मान हलवली. एकदा, सावकाश.

"हो," ती म्हणाली. "असंच म्हणाले मी."

आणि पुढे बोलू लागली.